नाव घेऊन केलेला नमस्कार



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक उठता उठता एकीच्या नातीचा तिसरा वाढदिवस साजरा झाला. तालुक्याच्या गावाहून केक आणला होता. मेणबत्ती लावली, आणि सत्तरीच्या आजींपासून कडेवरच्या पोरांपर्यंत साऱ्यांनी टाळ्या वाजवत ते ‘हॅपी बर्थडे’चं गाणं म्हटलं. आमच्यातल्या निम्म्या जणींना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. पण चाल कुणाची चुकली नाही, आणि पोरीचं नाव जिथं घ्यायचं तिथं सगळ्यांनी बरोबर घेतलं. तोवर पोर नुसती केककडे बघत होती. नाव आलं तशी तिनं मान वर केली आणि आमच्या तोंडांकडे पाहिलं.

तिचं ते मान वर करणं माझ्या मनात राहिलं. कारण हे गाणं मुळात वाढदिवसाचं नव्हतंच. ते होतं एका बालवाडीतलं. सकाळी पोरं आली की बाईंनी त्यांना नमस्कार करायचं गाणं. आज मी तुम्हाला त्या गाण्याची गोष्ट सांगणार आहे, आणि मग ती आपल्या अंगणवाडीच्या दारापर्यंत आणणार आहे.

आधी थोडं मागं जाऊ. लहान पोरांसाठी वेगळी शाळा असावी, तिथं पाटी-पुस्तकाआधी खेळ आणि गाणी असावीत, हा विचार जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी मांडला. १८३७ साली त्यांनी ब्लांकेनबुर्ग नावाच्या गावात अशी शाळा काढली आणि पुढं तिला नाव दिलं किंडरगार्टन, म्हणजे ‘मुलांची बाग’. १८४४ साली त्यांनी आयांसाठी गाण्यांचं एक पुस्तक काढलं. आई बाळाला मांडीवर घेऊन बोटांचे खेळ करते, गुणगुणते, ते शिक्षणच आहे, असं त्यांचं म्हणणं. आपल्या आजीला हे कुणी सांगायला नको होतं. पण एका शिकलेल्या माणसानं ते पुस्तकात लिहिलं, म्हणून ते शाळेत शिरलं.

ही मुलांची बाग समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली. तिथं केंटकी राज्यात ओहायो नदीच्या काठी लुईव्हिल नावाचं शहर आहे. १८८७ साली तिथं गरिबांच्या पोरांसाठी फुकट बालवाड्या चालवणारी एक संस्था उभी राहिली आणि बालवाडीच्या बाई तयार करणारा वर्गही सुरू झाला. त्या वर्गात एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. तिचं नाव पॅटी स्मिथ हिल. तिचे वडील धर्मोपदेशक होते, मुलींची शाळा चालवायचे, आणि मुलींनी स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं असं मानायचे. त्या काळात असे बाप थोडेच. पॅटीची थोरली बहीण मिल्ड्रेड तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती पियानो वाजवायची, चाली बांधायची, आणि तिकडच्या काळ्या लोकांच्या गाण्यांचा तिनं अभ्यास केला होता.

या दोघी बहिणींनी मिळून बालवाडीसाठी गाणी करायला घेतली. शब्द पॅटीचे, चाल मिल्ड्रेडची. गाणं तयार झालं की दुसऱ्या दिवशी पॅटी ते वर्गात घेऊन जायची आणि पोरांबरोबर म्हणून बघायची. पोरं अडखळली तर घरी येऊन दोघी बदल करायच्या, आणि पुन्हा वर्गात. सगळ्यात लहान पोराला सहज म्हणता येईपर्यंत हे चालायचं. यातला कावा लक्षात घ्या. पोराला गाणं येत नाही, तर पोरावर ओरडायचं नाही, गाणं बदलायचं. शिकवणाऱ्या कितीजणींना हे आजही जमतं?

१८९३ साली या गाण्यांचं पुस्तक छापलं गेलं. त्यातलं एक गाणं फक्त चार ओळींचं होतं. त्याचं नाव ‘गुड मॉर्निंग टू ऑल’, म्हणजे सगळ्यांना सकाळचा नमस्कार. त्याची बांधणी बघा. एकच नमस्कार तीन ओळींत तोच तोच येतो, आणि मधल्या एका ओळीत ज्याला नमस्कार करायचा त्याला हाक मारली जाते. तीन ओळी पाठ, एक ओळ बदलती. या बदलत्या ओळीमुळेच ते गाणं टिकलं. बाईंनी म्हटलं तर तिथं ‘मुलांनो’ यायचं, मुलांनी म्हटलं तर ‘बाई’. पुढं त्याच चालीवर वाढदिवसाचे शब्द बसले आणि त्या जागी एकेका मुलाचं नाव आलं.

मिल्ड्रेड १९१६ साली वारली. आपली चाल जगभर जाईल हे तिला कळलंही नाही. पॅटी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाली आणि बालशिक्षणातलं मोठं नाव झाली. वाढदिवसाच्या गाण्यावर मात्र कंपन्यांनी हक्क सांगितला. सिनेमात ते वापरायचं तर वर्षानुवर्षं पैसे मोजावे लागत. शेवटी २०१५ साली अमेरिकेतल्या कोर्टानं कंपनीचा तो दावा खोटा ठरवला, आणि पुढच्याच वर्षी एक कोटी चाळीस लाख डॉलर देऊन तिला तडजोड करावी लागली. आता ते गाणं कुणाच्या मालकीचं नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखं झालं आहे. करणारी बाई विसरली गेली, गाणं राहिलं.

आता तुम्ही विचाराल, नमस्काराच्या गाण्याचा आणि लिहिण्या-वाचण्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो नावाच्या त्या एका जागेत आहे.

पोरानं आयुष्यात सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द कोणता? त्याचं स्वतःचं नाव. बारशाला पाळण्याभोवती बायका पाळणा म्हणतात आणि आत्या कानात नाव सांगते, तेव्हापासून ते नाव त्याच्या कानावर आहे. म्हणून वाचायला शिकताना पोरं पहिल्यांदा ओळखतात ते बहुधा स्वतःच्या नावाचं अक्षर. आमच्या सासूबाईंचं तसंच झालं. बासष्टाव्या वर्षी बचत गटात अंगठ्याऐवजी सही करायची म्हणून त्या नाव लिहायला शिकल्या. त्यानंतर आठवड्याभरात एसटीच्या पाटीवर त्यांनी आपल्या नावाचं पहिलं अक्षर ओळखलं आणि मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, “हे माझं अक्षर इथं कुणी लिवलं?” वय तीन असो की बासष्ट, वाचनाचं दार नावातूनच उघडतं.

गाणं त्यात काय करतं? बोलताना शब्द भरकन निघून जातो, गाताना तो उलगडतो. कविता म्हणा बरं. आता टाळी वाजवत, लांबवून म्हणा: क-वि-ता. तीन टाळ्या. राजू: दोन टाळ्या. आता सोनल घ्या. बोलताना आपण ‘सोनल्’ म्हणतो, दोनच टाळ्या पडतात. पण लिहायचं तर अक्षरं तीन. गाण्यात ते नाव लांबवलं की सो-न-ल अशी तिन्ही अक्षरं वेगळी ऐकू येतात. आपली लिपी अशी अक्षराअक्षरानं चालते, म्हणून गाणं आणि टाळी तिला फार मानवते. शब्दाचे तुकडे कानाला वेगळे ऐकू आले, तरच ते पुढं पाटीवर वेगळे मांडता येतात.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या पीटर ब्रायंट आणि लिनेट ब्रॅडली यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या दशकात साठ-पासष्ट मुलांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ज्यांना बडबडगीतं जास्त येत होती, त्यांचा कान शब्दातल्या आवाजांना जास्त तयार झाला, आणि पुढं वाचनातही ती पुढं राहिली. ती मुलं इंग्रजी बोलणारी होती, त्यांची लिपी वेगळी. पण कान आधी आणि डोळा नंतर, हा क्रम आपल्यालाही लागू पडतो.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या अंगणवाडीलाही इतिहास आहे, आणि तोही दोन बायकांनी घडवला आहे.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढं गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं होतं, तिथं ताराबाई त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. पोरांना मार नाही, धाक नाही. गोष्टी, गाणी, खेळ आणि हातानं काम, ही तिथली रीत. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. पण शहरातल्या खात्यापित्या घरांपुरतंच हे राहिलं तर काय उपयोग, हा प्रश्न त्यांना सुटू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात आल्या.

तिथं त्यांच्याबरोबर अनुताई वाघ काम करू लागल्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, आणि वर्षाच्या आत वैधव्य. त्या काळी अशा मुलीनं कोपरा धरून बसायचं असायचं. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि बोर्डीला आल्या त्या १९९२ साली डोळे मिटेपर्यंत याच कामात राहिल्या.

बोर्डीला त्यांना कळलं की गरिबाघरचं पोर बालवाडीपर्यंत येत नाही. थोरलं भावंड धाकट्याला सांभाळतं, आई मजुरीला जाते. मग पोरं येत नाहीत तर बालवाडीनंच त्यांच्याकडे जायचं, त्यांच्या वस्तीत, त्यांच्याच अंगणात. त्यावरून नाव पडलं अंगणवाडी. पोरांची आंघोळ, केस, नखं हाही शिक्षणाचाच भाग धरला. महागडी खेळणी नव्हती, तर शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. पुढं डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर त्या वारली मुलांसाठी काम करू लागल्या. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर शाळा गुरांमागं कुरणात गेली. तिला म्हणायचे कुरणशाळा. पोराला जमत नाही तर शाळा बदलायची. लुईव्हिलच्या त्या बहिणींनी गाण्याचं जे केलं, तेच या दोघींनी सबंध शाळेचं केलं.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि गावोगाव अंगणवाडी झाली. वजन, लस, पोषण आहार, हे सगळं फार मोलाचं काम तिनं केलं. अंगणवाडीताईंच्या डोक्यावर रजिस्टरं आणि मोबाईलवरची माहिती यांचा किती भार आहे, हे आपण रोज बघतो. मी कुणाला दोष द्यायला बोलत नाही. पण एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. अंगणवाडीत पाहुणा आला की पोरं उभी राहतात आणि एका सुरात ओरडतात, “एक साथ नमस्ते!” ऐकायला गोड वाटतं. पण बघा, हा नमस्कार कुणी कुणाला केला? लहानांनी मोठ्याला, घोळक्यानं साहेबाला. त्यात कोणत्याही पोराचं नाव नाही. चार पोरं नुसतीच तोंड हलवतात, तेही कळत नाही.

१८९३ सालच्या त्या गाण्यात नमस्कार आधी बाईंनी केला, पोरांना. आजच्या भाषणात मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. मोठ्या माणसानं लहान पोराला, नाव घेऊन, रोज सकाळी नमस्कार करायचा.

नाव घेणं ही लहान गोष्ट नाही, हे महाराष्ट्रातल्या बायकांना तरी सांगायला नको. मुलगा हवा होता आणि मुलगी झाली म्हणून पोरीचं नाव ‘नकुशी’ ठेवलेली घरं आपल्या आसपास होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. विचार करा, त्या मुलींनी तोवर हजेरीला रोज काय ऐकलं असेल? ‘नको असलेली’ अशी हाक ऐकायची आणि ‘हजर’ म्हणायचं. पोरीला अक्षर शिकवायचं तर आधी तिला वाटलं पाहिजे की माझं नाव घेण्याजोगं आहे, लिहिण्याजोगं आहे. तिचं नाव सगळ्यांनी गाऊन घेतलं की तेवढं तर नक्कीच पोचतं.

मग करायचं काय? खर्च काही नाही. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येक पोराचं नाव मोठ्या, ठळक अक्षरात लिहा. शेजारी एक चित्र काढा: कुणाला मासा, कुणाला पान. सकाळी पोर आलं की त्यानं आपली पत्रिका शोधून दोरीला चिमट्यानं लावायची. सुरुवातीला ते चित्रावरून ओळखेल, काही महिन्यांनी अक्षरावरून.

मग सगळे गोल बसा. ताईंनी एक पत्रिका उचलायची आणि सगळ्यांना दाखवत म्हणायचं, “आज आपल्या अंगणात कोण गं आलं?” पोरांनी टाळ्या वाजवत म्हणायचं, “क-वि-ता आली, क-वि-ता आली!” ताईंनी त्या वेळी अक्षरांवरून बोट फिरवायचं. कानावर पडणारा आवाज आणि डोळ्यासमोरचं अक्षर यांची गाठ तिथंच पडते, म्हणून पत्रिका न दाखवता नुसतं गाऊ नका. चाल तुमची, बोली तुमची. पाळण्याची घ्या, भोंडल्याची घ्या. घरात जी बोली बोलतात तीच गाण्यात येऊ द्या, म्हणजे पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोरालाही वाटेल की इथं आपलं कुणीतरी आहे.

थोड्या दिवसांनी शोध लावायला सांगा. मीनाचा ‘मी’ अजून कुठं आहे? मिठाच्या पुडीवर ‘मीठ’ छापलेलं असतं, तिथं सापडेल. लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नाव लिहितो ना? तसंच परातीत वाळू पसरा आणि पोराला बोटानं आपलं नाव गिरवू द्या. तीन वर्षांच्या पोराच्या हातात मात्र पेन्सिल कोंबू नका. बोटं तयार झाली की पेन्सिल आपोआप येते.

दोन-तीन गोष्टी सांभाळा. रोज त्याच पोरापासून सुरुवात नको. सरपंचाच्या नातवाचं नाव आधी आणि वस्तीवरच्या पोरीचं शेवटी, असं होऊ देऊ नका, गोल फिरवा. जे पोर आलं नाही त्याचंही नाव घ्या आणि विचारा, “आज का बरं आली नाही?” म्हणजे आपली कुणीतरी वाट बघतं हे तिला दुसऱ्या दिवशी कळेल. आणि एखादं पोर नाव घेऊनही वळतच नसेल, तर ते ढ आहे म्हणू नका. त्याला ऐकू येतं का ते तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना आवर्जून दाखवा. नमस्काराच्या गाण्यात ही गोष्ट रोजच्या रोज लक्षात येते.

गाण्यानं पोर वाचायला शिकतं, असं मी म्हणत नाही. गोष्टी हव्यात, पुस्तकं हवीत, गप्पा मारणारी माणसं हवीत. पण दिवसाची सुरुवात कुठून तरी करावी लागते, आणि ती पोराच्या नावापासून केलेली बरी.

आणि मैत्रिणींनो, हे काम एकट्या ताईंवर टाकू नका. पंधरा दिवसांतून एकदा गटातल्या दोघीजणींनी अंगणवाडीत जाऊन गोलात बसावं. तुमच्यातल्या ज्या जणी अजून अंगठा उठवतात त्यांनी तर नक्कीच जावं. लेकराचं, नातवंडाचं नाव त्याच्याबरोबर तुम्हीही गिरवाल. कुणाला सांगायचीही गरज नाही.

त्या वाढदिवसाच्या पोरीला मी दुसऱ्या दिवशी रस्त्यात गाठलं. तिचं नाव गाऊनच हाक मारली. तिनं मान वर केली, मला बघितलं, आणि माझ्याच चालीत मला उलटा नमस्कार घातला.

येते मी. पुन्हा भेटू.